स्विच घेण्याआधी

चि. केतकीस,

सर्व्हर फार्मसाठी स्विच निवडायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेल्या कोटेशनांत टेराबिटचे आकडे ठळक छापलेत. त्यांत अडकू नकोस. विक्रेत्याला आधी विचार, की एक सर्व्हर बंद पडला तर बाकीच्यांवरच्या जोडण्यांचं काय होतं?

स्विच लोड वाटतो तो आयपी पत्ते, पोर्ट आणि प्रोटोकॉल यांच्या हॅशवरून. त्या हॅशला सर्व्हरच्या संख्येने भागायचं, बाकी उरेल त्या क्रमांकाच्या सर्व्हरकडे पॅकेट जातं. चारांतला एक गेला की भाजक तीन होतो आणि सुमारे पाऊण जोडण्या जागा बदलतात. हलायला हव्यात फक्त पाव. म्हणजे धडधाकट सर्व्हरवर चाललेल्या कितीतरी जोडण्या विनाकारण तुटणार, आणि त्यांत कुणीतरी त्याच क्षणी पैसे भरत असणार. म्हणून ‘रेझिलियंट हॅशिंग’ हवंच, त्यात बंद पडलेल्या सर्व्हरच्याच जोडण्या हलतात. नवा सर्व्हर जोडताना मात्र त्यानेही काही जोडण्या हलतात, हे विक्रेते आपणहून बोलत नाहीत.

शिवाय नुसतं हॅशिंग करणाऱ्या स्विचला दिसते ती फक्त लिंक. सर्व्हरमधला प्रोग्रॅम अडकून पडला तरी पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. सर्व्हरची प्रकृती तपासणारं कुणीतरी वर लागतंच. गूगलने ‘मॅग्लेव्ह’ हा सॉफ्टवेअर लोड बॅलन्सर 2008 पासून वापरला आणि 2016 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला, तो जरूर वाच. त्यात राउटर फक्त ईसीएमपीने, म्हणजे समान खर्चाच्या वाटांवर, पॅकेट वाटतात. सर्व्हर निवडणं आणि त्यांची तपासणी साध्या लिनक्स मशीनवर होते. फेसबुकनेही 2018 मध्ये ‘कात्रान’ हा आपला असाच लोड बॅलन्सर सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हा लोड बॅलन्सिंगचं महागडं लायसन्स घेऊ नकोस. ईसीएमपी आणि बीजीपी राउटिंग चोख करणारा साधा स्विच घे, एकाऐवजी दोन घे, आणि वाचलेले पैसे अपलिंकवर घाल. 25 गिगाबिटचे 48 पोर्ट म्हणजे 1200 गिगाबिट. वर 100 चे सहा अपलिंक असतील तर प्रमाण 2:1. वेबसाठी ठीक, पण बॅकअपही त्याच स्विचवरून जाणार असेल तर नाही.

पंख्यांच्या हवेची दिशा तुमच्या रॅकशी जुळते का, तेही बघून घे.

ऑर्डर देण्याआधी दोन स्विच चाचणीला मागून घे. लोड चालू असताना एका सर्व्हरची केबल उपट आणि किती जोडण्या तुटल्या ते मोज. आकडे आले की मला फोन कर, आपण मिळून बघू.

तुझा मामा