ग्रंथांची पेटी

विद्यार्थिमित्रहो, शिकलेली अक्षरेही विसरता येतात, हे तुम्हांस खरे वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी बुटीबोरीच्या बाजारात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. वर्गात तो धडा खणखणीत वाचीत असे. परंतु शाळा सुटल्यावर त्याच्या हाती पुस्तक म्हणून आले नव्हते. त्याने खिशातील एक कागद पुढे केला व मान खाली घालून म्हटले, "गुरुजी, एवढे वाचून द्या." याच दुखण्यावर पूर्वी एका राजाने जो उपाय योजिला, तो तुम्हांस सांगावा असे तेव्हापासून आमच्या मनात आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्यास तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. हेच महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेनंतर वाचावयास पुस्तक न मिळाल्यास ते सारे व्यर्थ, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले आणि स्वतःच्या संग्रहातील सुमारे २०,००० ग्रंथ लोकांसाठी दिले.

हे मध्यवर्ती ग्रंथालय बडोदे शहराच्या मध्यभागी, मांडवी भागात आहे. आत पोलादी मांडण्यांचे मजले असून त्यांची जमीन जाड काचेची आहे. त्यामुळे उजेड खालपर्यंत पोहोचतो. स्त्रिया व मुले यांच्या वाचनाचीही तेथे निराळी सोय करण्यात आली. तथापि त्या योजनेचे खरे वैभव साध्या पेट्यांत होते. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी फिरत. ज्या गावास कायमचे वाचनालय हवे असे, त्याने वर्गणी जमवावी, म्हणजे तितकीच रक्कम प्रांत पंचायत व तितकीच सरकार देई.

पालकहो, नागपूरची ग्रंथालये आपणांस रेल्वेने जवळ आहेत खरी. परंतु शेतातून वा कारखान्यातून थकून आलेला मुलगा तेथवर कसा जाणार? पुस्तकानेच त्याच्या घरी आले पाहिजे. दहा पुस्तकांची एक पेटी घरी ठेवावी, व महिन्याने ती शेजाऱ्याच्या पेटीशी बदलावी.

त्या दिवशी आम्ही विद्यार्थ्यास कागद वाचून दिला. पुस्तक मात्र दिले नाही. ती चूक आमची होती. तुम्ही ती करू नये.