स्कोअररची खुर्ची

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी दोन वर्षं हॉस्टेलचा क्रीडा प्रतिनिधी होतो. गॅदरिंग जवळ आलं की टीमच्या याद्या माझ्याच हाताने नोटीस बोर्डावर लागायच्या. माझ्या रूम पार्टनरला जन्मापासून डावा हात कोपराखाली नाही. त्याचं नाव मी दरवर्षी न विचारता 'स्कोअरर' या शब्दापुढे लिहून टाकायचो. वर मनात समाधान, की आपण त्यालाही सामावून घेतलं! तिसऱ्या वर्षी तो एवढंच म्हणाला, "मला खेळायचंय का, हे एकदा तरी विचारलंस का रे?" व्हायवालासुद्धा मी इतका गप्प कधी झालो नव्हतो.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो आणि आपलं अज्ञान कळलं. क्विझमध्ये विचारा, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण कोणाचं? सगळे ओरडतील, अभिनव बिंद्रा, २००८! बरोबर. पण त्याच्या ३६ वर्षं आधी, १९७२ साली, जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकलं होतं. ते सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि मग पोहण्याकडे वळले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. अर्जुन जीवनगौरव मिळायला तर जानेवारी २०२५ उजाडलं. पदक तेच, देश तोच. उशीर मात्र आपला!

आता थोडं तांत्रिक. अनेकांना वाटतं, पॅरा खेळ म्हणजे सवलत. प्रत्यक्षात तिथे वर्गीकरणाची पद्धत फार काटेकोर असते. अपंगत्वाचे दहा प्रकार पात्र धरले जातात. आधी खेळाडू त्यात बसतो का ते पाहतात, मग त्या खेळासाठी ठरलेला किमान निकष तपासतात आणि शेवटी वर्ग ठरतो. मैदानी स्पर्धांत 'टी' म्हणजे ट्रॅक, 'एफ' म्हणजे फील्ड. पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार आणि प्रमाण सांगतो. पोहण्यात एस-११ या अंध गटातले सगळे जण काळे केलेले गॉगल घालतात, म्हणजे ज्याला किंचित उजेड जाणवतो त्यालाही फायदा नको. टोकियोत २०२१ मध्ये आपल्या एका थाळीफेकपटूचं कांस्यपदक वर्गात बसत नाही म्हणून काढून घेतलं गेलं. सांगा, ही सवलत की शिस्त? आपण बॉक्सिंगमध्ये वजनी गट करतो, तेव्हा कोणी दया म्हणत नाही.

आणि संधी मिळाली की काय होतं? सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारींचं उदाहरण घ्या. शाळेत असताना अपघातात डावा हात निकामी झाला. तरी ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले, म्हणजे आपल्याच जातकुळीतले! २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. सुवर्ण १६.३८ ला गेलं. फरक फक्त सहा सेंटिमीटर! भारताला रिओमध्ये २०१६ साली ४ पदकं होती, टोकियोत १९ झाली आणि पॅरिसमध्ये २९.

कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या. त्याच कायद्याचं कलम ३० खेळातल्या सहभागाबद्दल आहे. म्हणजे हे विद्यार्थी वर्गात आले. मग मैदानावर का नाहीत? कारण तिथे माझ्यासारखे यादी लिहिणारे बसलेत.

यंदा यादी लावायच्या आधी मी पार्टनरला विचारलं. तो म्हणाला, "टेबल टेनिस." लगेच कोणीतरी शंका काढली, की सर्व्हिस करताना चेंडू मोकळ्या हाताच्या तळव्यावर हवा, मग हा कसा करणार? नियम काढून पाहिले. शारीरिक अडचणीमुळे जमत नसेल तर पंच ही अट शिथिल करू शकतो, असं त्यातच लिहिलंय. उत्तर पुस्तकात होतं, उघडलं कोणी नव्हतं.

पहिल्याच मॅचमध्ये तो हरला. रात्री मेसमध्ये कोणाशी बोलला नाही, भाजीला नावं ठेवत बसला. मला मात्र बरं वाटलं. स्कोअररच्या खुर्चीत बसून हरताही येत नाही.

क्रीडा प्रतिनिधींना आणि सरांना एकच विनंती. पुढची यादी लिहिण्याआधी प्रत्येकाला विचारा, "काय खेळणार?" आणि स्कोअररची खुर्ची? तिच्यावर पाळीपाळीने सगळेच बसू. त्या मॅचला मी बसलो होतो.