न खेळलेल्या सामन्यासाठी वर्षभराची बंदी

प्रश्न : आम्ही ॲन आर्बरला राहतो. मुलगा मिशिगन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघामागे वेडा आहे. त्याने कुठेतरी वाचलं, की २०२२ मध्ये प्रशिक्षक जुवान हॉवर्ड यांनी दुसऱ्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला मारलं तेव्हा त्यांच्यावर पाच सामन्यांची बंदी आली. पण २०१४ मध्ये मिच मॅकगॅरी या खेळाडूला गांज्यासाठी अख्ख्या वर्षाची. ‘हा कुठला न्याय?’ असं तो विचारतो. काय सांगावं?

उत्तर : तुमच्या मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. त्याला आधी हे सांगा, की या दोन शिक्षा दोन वेगळ्या संस्थांच्या आहेत. हॉवर्ड यांचं प्रकरण ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाकडे होतं. पाच सामन्यांच्या बंदीबरोबर त्यांना ४०,००० डॉलर दंडही झाला. मॅकगॅरीला शिक्षा केली ती ‘एनसीएए’ या देशपातळीवरच्या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने. संस्था वेगळ्या असल्या की मापंही वेगळी असतात.

तरीही मॅकगॅरीवर अन्याय झाला, असं मला ठाम वाटतं. २०१३ च्या एनसीएए स्पर्धेत कॅन्ससविरुद्ध २५ गुण आणि १४ रिबाउंड करून या उंचपुऱ्या पोराने मिशिगनला अंतिम फेरीच्या वाटेवर नेलं होतं. पुढच्या हंगामात पाठीचं दुखणं उपटलं आणि जानेवारी २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरनंतर तो एकही सामना खेळला नव्हता. मार्चअखेर इंडियानापोलिसला मिशिगनने टेनेसीला ७३-७१ असं हरवलं, तेव्हाही तो मैदानात उतरला नव्हता. त्या सामन्यानंतरच्या चाचणीत त्याच्या नमुन्यात गांजा सापडला. विद्यापीठाने दाद मागितली, ती फेटाळली गेली. चूक त्याने स्वतःच जाहीरपणे कबूल केली. नियम त्याने मोडला, शिक्षा व्हायला हवी होती, हेही मुलाला स्पष्ट सांगा.

खटकतं ते पुढचं. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात एनसीएएने गांज्यासारख्या पदार्थांसाठीची शिक्षा निम्म्यावर, म्हणजे अर्ध्या हंगामावर आणली. कारण दिलं, की या पदार्थांनी खेळ सुधारत नाही. ताकद वाढवणाऱ्या औषधांइतकी कडक शिक्षा त्यांना नको. पण नवा नियम १ ऑगस्टपासून लागू होणार होता आणि मॅकगॅरीची चाचणी मार्चमधली! आपलं माप चुकलं होतं हे संस्थेने स्वतः मान्य केलं आणि तरी त्याच मापाने त्याला मोजलं. वर्ष घरी बसण्यापेक्षा त्याने विद्यापीठ सोडून एनबीएची वाट धरली. आंतरराष्ट्रीय उत्तेजकविरोधी संहितेत अशा वेळी सौम्य नियमाचा फायदा खेळाडूला देण्याची सोय आहे. एनसीएए त्या संहितेला बांधील नाही, पण मनात आणलं असतं तर तेवढी माणुसकी तिला दाखवता आली असती.

तुमच्या गावाला तर हा धडा आधीच मिळाला होता. १९६९ मध्ये कवी आणि कार्यकर्ते जॉन सिंक्लेअर यांना गांज्याच्या दोन सिगारेटींसाठी दहा वर्षांची कैद झाली. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांच्या सुटकेसाठी ॲन आर्बरमध्ये मोठी सभा भरली, जॉन लेनन येऊन गायले आणि तीन दिवसांत सिंक्लेअर बाहेर आले. ती सभा भरली होती क्रिसलर अरीनात, जिथे पुढे मॅकगॅरी खेळला. १९७४ मध्ये शहराच्या मतदारांनी गांजा बाळगण्यासाठी फक्त पाच डॉलर दंड ठरवला. अपराध केवढा आणि शिक्षा केवढी, हा प्रश्न तिथल्या लोकांनी कधीच विचारला होता.

माप उलट्या बाजूलाही चुकतं. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं औषध सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते गेल्याचं त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं आणि आठ महिन्यांची बंदी घातली. ती जाहीर झाली ३० जुलैला, मोजली मात्र १६ मार्चपासून. मधल्या काळात तो आयपीएल खेळूनही झाला होता! तेव्हा चाचणी घेणारं, निकाल देणारं आणि त्या खेळाडूला संघात खेळवणारं मंडळ एकच होतं. लगेच ऑगस्टमध्ये बीसीसीआयने ‘नाडा’ या सरकारी संस्थेकडून चाचण्या करून घ्यायला मान्यता दिली, ते योग्यच झालं.

एनबीएत त्या काळी गांज्यासाठी पायऱ्या होत्या : पहिल्यांदा समुपदेशन, दुसऱ्यांदा २५,००० डॉलर दंड, तिसऱ्यांदा पाच सामन्यांची बंदी. ही रीत मला पटते, कारण तीत सुधारायला जागा आहे. मॅकगॅरीवर २०१६ मध्ये तिथेही बंदी आली, पण म्हणून आधीची शिक्षा रास्त ठरत नाही. एनबीएने २०२३ मध्ये गांज्याची चाचणीच बंद केली. एनसीएएने २०२४ मध्ये पहिल्या श्रेणीच्या स्पर्धांसाठी तो बंदीच्या यादीतून काढला.

मुलाला एवढंच सांगा : नियम सगळ्यांना सारखा असणं ही न्यायाची सुरुवात आहे. शिक्षा अपराधाएवढी हवी, ती देणाऱ्याचा खेळाडूत स्वार्थ नसावा, आणि नियम चुकल्याचं कळल्यावर त्याचा भुर्दंड शेवटच्या माणसाच्या माथी मारू नये. त्याचा आवडता खेळाडू उद्या निलंबित झाला, तर त्याने आधी हे तपासावं आणि मगच रागवावं.