'पाया खणताना सापडलं'

बदलापुरात जुनी घरं पाडून टॉवर उभे राहू लागल्यापासून 'पाया खणताना सापडलं' ही गोष्ट बरीच खपते. आमच्या मेहुण्यांना ती एका मुकादमाने ऐकवली आणि हातावर रोमन सोन्याचं नाणं ठेवलं. उल्हासनगरच्या सोनाराने मशीनवर लावून सोनं खरं असल्याचं सांगितलं. मेहुण्यांनी बाकीच्या नाण्यांसाठी इसार देऊन टाकला, आणि मग मला बोलावलं.

गोष्ट पटण्याजोगी होती, हीच पंचाईत. उल्हास खोऱ्यातल्या कल्याण बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आहे. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी उतरत, हेही त्यात आहे. पण भारतात रोमन सोनं मोठ्या प्रमाणात मिळालं ते दक्षिणेत. आपल्याकडे तेरला मिळाल्या त्या रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला, गळ्यात घालायच्या. नकलेची हौस इतकी जुनी असताना नकली मालाबद्दल एकट्या उल्हासनगरला लोक उगाच बोल लावतात.

मेहुण्यांकडचं नाणं रोमन सम्राट टायबेरियसचं म्हणून दिलेलं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राट, दुसरीकडे राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री. चित्र बरोबर होतं. असल्या चित्रांचे फोटो कुठेही मिळतात. अक्षरं मात्र चुकली होती. रोमन नाण्यावर गोल बुडाचा 'यू' नसतो, तिथे 'व्ही' कोरतात. इथे स्वच्छ 'यू' होता. सोनाराचं काही चुकलं नव्हतं: मशीन धातू सांगतं, वय नाही. नमुन्याला सोन्याचं, मागाहून पितळेची, असाच हा धंदा चालतो.

म्हणून प्रत्येक नाणं वेगळं तोला. टायबेरियसचं सोन्याचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. तेवढ्याच आकारमानाचं पितळ त्याच्या निम्मंही भरत नाही. हिरवट थर दिसला म्हणून नाणं जुनं मानू नका. शुद्ध सोन्यावर तो चढत नाही. हिरवं पडतं ते तांबं-पितळ. उलट सम्राटाच्या गालावर छिन्नीची चीर दिसली तर दचकू नका, भारतात मिळालेल्या कित्येक अस्सल नाण्यांवर ती असते. अर्थात चीर आज कुणीही मारू शकतो.

आणि गोष्ट खरीच असली तर? १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. आपल्याकडे म्हणजे ठाण्याला. न कळवणं गुन्हा आहे. हे मी सांगितलं तेव्हा मेहुणे म्हणाले, "मुकादम तर म्हणाला होता, सरकारला कळलं तर सगळं जाईल."