राहुलाचा आरसा आणि आपले घर
बालसंगोपनाचे रोजचे धडे

जून महिना लागला की औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची एकच गर्दी उसळते. वह्या, पुस्तके, गाइड, कंपासपेटी यांची यादी हातात धरून शहरातले आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले आईबाप तेथे ताटकळत उभे असतात. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांची पंतवंडे आज दप्तर पाठीला लावून शाळेत जातात. त्याच औरंगपुऱ्यात महात्मा जोतीराव फुले यांचा पुतळा उभा आहे, आणि काही अंतरावर नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय आहे. ही गर्दी त्या दोघांच्या कष्टांचे फळ होय.

परंतु दप्तर घरी आल्यावर पुढे काय होते, याचा विचार आपल्या समाजात कमी होतो. पुस्तके बाजारात मिळतात, शिकवणी पैसे देऊन लावता येते. ते पुस्तक हाती घेणाऱ्या बालकाचे शरीर आणि मन मात्र घरीच घडते, आणि तेही मोठ्या प्रसंगांनी घडत नाही. सकाळचा घास, दुपारची हाक, संध्याकाळची चौकशी आणि रात्रीची झोप यांनी ते घडते. त्या रोजच्या सवयींविषयी या लेखात आम्ही काही विचार मांडीत आहोत.

१. भगवंतांनी राहुलास कसे शिकविले

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात एक जगप्रसिद्ध चित्र आहे. भगवान बुद्ध कपिलवस्तूस परत आले आहेत आणि यशोधरा लहानग्या राहुलास पुढे करून त्यांच्यासमोर उभी आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते चित्र पाहिले असेल. त्या मुलाला पुढे काय शिकविले गेले, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

मज्झिम निकायात अम्बलट्ठिक-राहुलोवाद नावाचे सुत्त आहे. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. भगवंत त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि ते त्यास दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे साधुत्व एवढेसेच उरते, असे सांगितले. मग ते पाणी सांडले, भांडे पालथे केले, रिकामे दाखविले. त्यानंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच आपले कर्मही करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे; त्याने स्वतःस किंवा इतरांस दुःख होते काय, हे तपासावे, असा तो उपदेश आहे. चूक झाली तर ती जाणत्यापुढे उघड करावी, आणि कर्म चांगले असेल तर त्याच्या आनंदात राहावे.

सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जी थोडी धम्मवचने भिक्षू व उपासकांनी वारंवार ऐकावीत म्हणून निवडली, त्यांत राहुलास केलेला हा उपदेश आहे. एका लहान मुलाशी झालेला हा संवाद अशोकाला सर्व समाजासाठी महत्त्वाचा वाटला.

पालकांनी यातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, शिकविणारा स्वतः मुलाकडे गेला. दुसरी, शिकविण्याचे साधन घरातले साधे भांडे होते. तिसरी, भय दाखविले नाही, मारले नाही, प्रश्न विचारला आणि मुलाच्या उत्तराची वाट पाहिली.

२. सुभेदार रामजींची एक खोली

पुष्कळ पालक म्हणतात, घर लहान आहे, पैसा नाही, वेळ नाही. त्यांनी परळच्या चाळीतील ती एक खोली आठवावी. स्वयंपाक तेथेच, सरपण तेथेच, जाते तेथेच आणि शेळीही तेथेच. भीमरावांच्या मातोश्री भीमाबाई १८९६ साली गेल्या होत्या. आत्या मीराबाईंनी मुलांना माया दिली. त्या खोलीत अभ्यास कसा व्हावा? सुभेदार रामजींनी तोड काढली. ते मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. पुस्तकासाठी पैसे नसले तर विवाहित मुलींकडून उसने आणीत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आल्यावर सोडवून देत.

या कथेचा अर्थ मुलांना रात्री दोनला उठवावे असा कोणी घेऊ नये. मुलाला आधी झोप मिळेल अशी व्यवस्था रामजींनी केली आणि जागरण स्वतःकडे घेतले. घर लहान होते, म्हणून घराचा दिनक्रम मुलाभोवती रचला. आज त्याच एका खोलीत टीव्ही मोठ्याने चालू असतो, बापाच्या हातात मोबाइल असतो आणि मुलाला मात्र ‘अभ्यास कर’ असे ओरडून सांगितले जाते. घर लहान असणे हा गरिबीचा दोष आहे. टीव्ही बंद करण्यास मात्र पैसा लागत नाही.

३. शरीराचे संगोपन

बाबासाहेब आणि माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये बालपणीच गेली. राजरत्न गेला ते वर्ष १९२६. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरीही दारिद्र्य आणि आजार यांपुढे इलाज चालला नाही. आज लस आहे, अंगणवाडी आहे, सरकारी दवाखाना आहे. त्यांचा उपयोग न करणे हे त्या माउलीच्या दुःखाचे विस्मरण होय.

आपला मराठवाडाही या वाटेने गेलेला आहे. २००१ साली वैजापूर तालुक्यात झालेल्या बालमृत्यूंनी प्रशासन हादरले. त्यानंतर मराठवाड्यात बालकांची नियमित वजने घेण्याचे आणि कुपोषित बालके शोधण्याचे काम जोमाने सुरू झाले, आणि त्यातून २००५ साली राज्याचे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. महाराष्ट्रात दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आले. लक्ष दिले तर फरक पडतो, याचा हा पुरावा आहे. तरीही काम संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ३५ वयाच्या मानाने ठेंगणी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय होता. वर्गात मूल पेंगते, त्याला आपण आळशी म्हणतो. पुष्कळदा त्याच्या अंगात रक्तच कमी असते.

यावर घरी करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नको. सहा महिने पूर्ण होताच मऊ वरणभात, कुस्करलेली भाकरी, भाजी, अंडे असा वरचा आहार, आणि जोडीला दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूध. शाळकरी मुलास ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मेथी, शेवगा, शेंगदाणे, तीळ आणि जमेल तेव्हा अंडे किंवा मासे-मटण द्यावे. डाळ-भाजीवर लिंबू पिळल्याने लोह अंगी लागते. जेवणासोबत चहा घेतल्याने ते कमी लागते. सकाळी नुसता चहा-बिस्किटावर मुलाला शाळेत धाडू नये. पाच-दहा रुपयांच्या तळलेल्या पुड्यांचा रोजचा हिशेब केला तर महिन्याच्या अंड्यांचा खर्च त्यातच निघतो. मुलीच्या ताटात मुलापेक्षा कमी वाढले जात असेल, तर ते घर समतेचे म्हणता येणार नाही.

जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, लसीकरणाचे कार्ड जपून ठेवणे, शाळा-अंगणवाडीतून मिळणारी जंताची गोळी चुकू न देणे, ही कामे आईइतकीच बापाचीही आहेत.

झोप हे अन्नच आहे. तीन ते पाच वर्षांच्या बालकास १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास आणि पुढे अठरा वर्षांपर्यंत ८ ते १० तास झोप हवी. पाच वर्षांपुढील मुलाने रोज किमान एक तास अंग घामेजेल असे खेळावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. त्याच संघटनेच्या मते दोन वर्षांच्या आतील बालकास मोबाइल-टीव्ही दाखवूच नये आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. रडू नये म्हणून तान्ह्याच्या हातात मोबाइल देणारे घर त्याला आईच्या चेहऱ्यापासून दूर नेते. बालक बोलणे शिकते ते त्या चेहऱ्याकडे पाहूनच.

४. मनाचे संगोपन आणि पंचशील

मनाच्या आरोग्यासाठी वेगळे शास्त्र शिकावयास हवे असे नाही. आपण प्रत्येक वंदनेत पंचशील घेतो. ते बालकाच्या बाजूने एकदा तपासून पाहू.

हिंसेपासून विरत राहण्याचे पहिले शील घेणाऱ्या हाताने मुलाच्या पाठीत धपाटा कसा घालावा? शाळेतील मारास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी केली आहे. घरातली छडी मात्र आपल्यालाच खाली ठेवावी लागेल. माराने मूल तेवढ्यापुरते गप्प बसते. नंतर ते चूक सोडत नाही, चूक लपविण्यास शिकते.

असत्य न बोलण्याचे शील आपण मुलांशी वागताना सर्वांत सहज मोडतो. ‘सुई दुखणार नाही’, ‘झोप, नाहीतर बुवा येईल’, ‘दारावर कोण आले ते बघ, बाबा घरी नाहीत म्हणून सांग’. सात वर्षांच्या राहुलास भगवंतांनी प्रथम नेमके हेच सोडावयास सांगितले. सुई दुखणार आहे, पण थोडा वेळच, आणि मी जवळ आहे, असे खरे सांगणाऱ्या आईवर मूल पुढे तरुणपणीही विश्वास ठेवते. ‘तू दगडच आहेस’, ‘शेजारच्या मुलाकडे बघ’ हे शब्दही वाणीचे दोषच आहेत.

पाचवे शील मद्याचे. ज्या घरात बाप पिऊन येतो, तेथे मूल पुस्तकाकडे पाहत नाही, दाराकडे पाहत असते. पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार, हे ते ओळखते. अशा मुलास कोणती शिकवणी लावून उपयोग? दारू सोडणे हे बापाने मुलाच्या शिक्षणासाठी करावयाचे पहिले काम आहे.

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक दुःख येते. वर्गात, खेळताना किंवा वसतिगृहात कोणी आडनाव विचारतो, कोणी सवलतीवरून टोमणा मारतो. मूल घरी येऊन गप्प बसते. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना वडिलांना भेटावयास निघाले, तेव्हा जातीमुळे बैलगाडी मिळेना, पाणी मिळेना. १९०१ सालचा तो प्रवास त्यांनी तीसहून अधिक वर्षांनंतर बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवला. बालपणीची जखम इतकी खोल असते. म्हणून मूल असे काही सांगू लागले तर ‘दुर्लक्ष कर’ म्हणून विषय संपवू नये. आधी पूर्ण ऐकावे. यात तुझा काहीच दोष नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. मग शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलावे.

आणि गुणांविषयी एक शब्द. आपल्या संस्था गुणवंतांचा गौरव करतात, ते योग्यच आहे. परंतु सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पापापासून आवरणे आणि सन्मार्गास लावणे ही पहिली दोन. विद्या-कौशल्य शिकविणे हे तिसरे. आज आपण तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपेक्षांचे ओझे एका कोवळ्या जिवाच्या टक्केवारीवर ठेवतो. कमी गुण घेऊन मूल घरी येते त्या दिवशी त्याला आईबापांची सर्वांत अधिक गरज असते. त्या दिवशी त्याला जेवावयास बरोबर घेऊन बसावे. चौकशी दुसऱ्या दिवशी करता येते.

५. रोजची पंधरा मिनिटे

आमची सूचना साधी आहे. दररोज संध्याकाळी टीव्ही व मोबाइल बाजूला ठेवून सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील घ्यावे. दोन मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. नंतर राहुलाचा आरसा हाती घ्यावा. आज मी काय केले? त्याने कोणाला दुःख झाले काय? कोणाला आनंद झाला काय? या प्रश्नांची उत्तरे आधी आईबाबांनी द्यावीत, मग मुलांनी. मुलाने चूक सांगितली तर त्या क्षणी शिक्षा करू नये, अन्यथा ते पुन्हा सांगणार नाही. चांगले काही सांगितले तर मनापासून शाबासकी द्यावी. हे सर्व पंधरा मिनिटांत होते.

विद्यार्थी मित्रांनो, मनात फार घालमेल होत असेल, झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते एकट्याने सोसू नका. आईबाबांना, आत्याला, मामाला, आवडत्या शिक्षकांना सांगा. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, त्याआधी बागेत वाचीत बसणाऱ्या त्या मुलाची आपुलकीने विचारपूस करणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. त्यांनीच पुढे त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. असा एक वडीलधारा प्रत्येक मुलास मिळाला पाहिजे, आणि समाजाच्या प्रत्येक सभासदाने कोणा एका मुलासाठी तसे व्हावे. अडचणीतील बालकांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे क्रमांक विनामूल्य आहेत. ते घरातील भिंतीवर दिसतील असे लिहून ठेवावेत.

मूल आपले उपदेश विसरते. आपण त्याच्यासमोर कसे जेवलो, कसे बोललो, कसे रागावलो आणि राग कसा आवरला, हे मात्र ते विसरत नाही. राहुलाच्या हाती भगवंतांनी आरसा दिला. आपल्या मुलांचा आरसा आपण स्वतः आहोत. तो रोज पुसून स्वच्छ ठेवू या.

नमो बुद्धाय! जय भीम!