जाहिरातीवाचून गिऱ्हाईक कसे मिळवावे

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ गिरणी तयार केल्यापासून तुरीची डाळ गावातल्या गावात करता येते, हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. अडचण येते ती पुढे. डाळ पोत्यात भरून तयार असते आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. मग प्रथम विचार सुचतो तो जाहिरातीचा. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने कर्ज काढून गिरणी बसविली व देऊळगाव राजाच्या चारही वाटांवर रंगीत फलक लावले. त्यात पहिल्या हंगामाचा नफा बहुतेक गेला. फलक पाहून जे आले, त्यांत डाळ घेणाऱ्यांपेक्षा आणखी फलक रंगवून देऊ म्हणणारेच अधिक होते! कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस येतच राहिला, आणि घरात गिरणी विकून टाकण्याची भाषा सुरू झाली. त्याने आम्हांस सल्ला विचारला. त्यास जे सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहो.

आमचा पहिला प्रश्न असा होता की, बाबा रे, तुला गिऱ्हाइके हवीत तरी किती? महसूल खात्यात जन्म गेल्यामुळे हिशेबावाचून आम्हांस बोलता येत नाही. दहा क्विंटल तूर भरडली तर सुमारे सात क्विंटल डाळ हाती येते, चुनी व कोंडा जनावरांस जातो. पाच माणसांच्या घरात महिन्यास दोन किलो डाळ लागते असे धरले, तर वर्षाची पंचवीस किलो झाली. म्हणजे सातशे किलो डाळ संपविण्यास अवघी २८ घरे पुरेत! अठ्ठावीस घरांसाठी चार वाटांवर फलक कशास पाहिजेत? तेवढी घरे तर आपल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या व त्यांच्या शेजाऱ्यांच्या मोजणीत येतात.

त्याच बैठकीत भावही ठरवून घ्यावा. २०२५-२६ च्या हंगामास केंद्र सरकारने तुरीचा हमीभाव क्विंटलास ८,००० रुपये जाहीर केला. त्या भावाने दहा क्विंटलांचे ऐंशी हजार होतात. ते सातशे किलोंवर वाटले तर किलोस ११४ रुपये पडतात. भरडाई, पिशवी व वाहतूक यांचे दहा रुपये धरले, तर सव्वाशेच्या खाली विकणारा फुकट राबला असे समजावे. ओळखीच्या माणसास भाव सांगताना आपली जीभ अडखळते. आकडा वहीत लिहिलेला असला म्हणजे ती तितकी अडखळत नाही.

गिऱ्हाईक न मिळण्याचे दुःख आपल्याच वाट्यास आले आहे असे कोणी समजू नये. १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान घालणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपू लागण्यास दोन वर्षे वाट पाहावी लागली असे सांगतात. आमच्या समजुतीप्रमाणे, असल्या शंकेचे निरसन छापील कागदाने होत नसते. शेजाऱ्याचे रान नांगरलेले दिसावे व त्यात पीक उभे राहिलेले दिसावे, तेव्हा कोठे ती जाते. १९१० साली कारखाना औंध संस्थानात किर्लोस्करवाडीस आला, आणि १९२० साली तेथून 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघू लागले. माल घेणाऱ्याशी बोलणे चालू ठेवण्याची ही युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे त्याचेच मोठे मासिक झाले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. तो आज सर्वांस परिचित असलेला लिज्जत पापड. आरंभी त्या हलका व चांगला असे दोन प्रकारचे पापड करीत. छगनलाल पारेख यांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा सल्ला दिला आणि तो त्यांनी मानला. या संस्थेने पुढे जाहिरातीही केल्या हे खरे, पण त्या नाव झाल्यावर.

एकच प्रत ठेवण्याची ही गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो. नोकरीची मुदत संपण्यापूर्वीच मोकळे होऊन आम्ही घरची डाळ विकू लागलो, त्या पहिल्या वर्षी जालन्याच्या एकाच गल्लीत चार घरे मिळाली होती. आपली डाळ चकाकत नाही, कारण तिला वरून तेलपाण्याची झिलई दिलेली नाही, हे आम्ही प्रत्येक घरी समजावून सांगितले होते व त्यांस ते पटलेही होते. शेवटच्या खेपेस माल कमी पडला. तेव्हा ढगाळ दिवसांत नीट न वाळलेली दोन पोती आम्ही त्यात मिसळली. घरच्या मंडळींनी हटकले होते. आम्ही ऐकले नाही. आषाढात त्या गल्लीतून निरोप आला की डाळीत भुंगे झाले आहेत. वास्तविक त्याच दिवशी बस धरून जावयाचे व डाळ बदलून द्यावयाची. आम्ही मात्र 'डब्यात ओल गेली असेल' असे उत्तर धाडले. कारकुनी उत्तर! चारही घरे गेली, आणि त्यांच्या सांगण्यावरून जी आली असती तीही गेली. तेव्हापासून दाताखाली कटकन् तुटेल इतकी वाळल्यावाचून डाळ पिशवीत भरावयाची नाही, असा घरात दंडक आहे.

नवीन घर मिळविताना डाळ दाखवू नये, शिजवावयास द्यावी. पावशेर नमुना द्यावा आणि आठ दिवसांनी, विकण्याचा आग्रह न धरता, शिजली कशी एवढेच विचारावे. जिला पसंत पडली त्या गृहिणीस शेजारचे एकच घर सुचविण्यास सांगावे. दहा नावे मागितली तर ती एकही देत नाही. याहून मोठा उपयोग आचाऱ्याचा होतो. लग्नात पाचशे पानांचे वरण करणाऱ्यास कोणती डाळ लवकर शिजते व कोणती पाणी सोडते हे पक्के ठाऊक असते, आणि घरोघरच्या बायका त्यालाच विचारतात. त्यास दलाली देऊ नये. दिली की त्याच्या शब्दाचे वजन गेले. एका कार्याची डाळ त्याच्यासमोर तोलून द्यावी म्हणजे पुरे.

आपल्या भागास दोन मोठे मेळे लाभले आहेत. नवी तूर घरात येते त्याच सुमारास १२ जानेवारीस शेजारी सिंदखेड राजास जिजाऊ जन्मोत्सवासाठी अफाट जनसमुदाय लोटतो. आश्विनात बालाजीची यात्रा भरते, तेव्हा दिवाळी तोंडावर असते व जुनी डाळ घरोघर सरत आलेली असते. यात्रेकरू दहा किलोंचे ओझे नेणार नाही. त्यास एक किलोची पिशवी द्यावी व तीवर नाव, गाव, वजन, किंमत, भरल्याची तारीख आणि फोन क्रमांक स्पष्ट असावा. खाद्यपदार्थ विकणाऱ्यास अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते, ती आधीच करून घ्यावी.

उधारीविषयी आमचे मत कठोर आहे. पहिल्या पंचवीस किलोंची उधारी ठेवणारा आप्त पुढच्या वर्षी तोंड चुकवितो, म्हणजे पैसा व गिऱ्हाईक दोन्ही जातात. नड असेल त्यास पाच किलो तशीच द्यावी, पण ती उधारीत लिहू नये.

वहीत प्रत्येक घरास एक पान द्यावे. त्यावर माणसे किती, डाळ केव्हा व किती नेली, कधी संपेल, तक्रार काय, एवढे लिहावे. डाळ संपण्याच्या आठ दिवस आधी फोन करावा. त्या तरुणाने अशी वही घातली आहे. पहिल्या चार महिन्यांत त्याची एकोणीस पाने भरली, आणि गिरणी विकण्याची गोष्ट तूर्त मागे पडली आहे. आमच्या वहीतील जालन्याच्या चार पानांपैकी तीन पुन्हा चालू झाली. चौथ्या घरी आम्ही दोनदा जाऊन आलो. यंदाची तूर भरडून झाली म्हणजे पुन्हा जाणार आहो.