वहीत खरं तेच लिही

अरे, रक्तातली साखर तपासायचं यंत्र घेतलंस ते बरं केलंस. आता उद्या येताना एक शंभर पानी वही घेऊन ये. यंत्रात आकडे साठतात, म्हणशील. साठतात रे, पण आदल्या रात्री लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या होत्या, की ताप होता, की झोपच लागली नव्हती, हे त्याला कुठून कळणार? तारीख, वेळ, आकडा, गोळी घेतली की राहिली, आणि उरलेली जागा काय खाल्लं, काय घडलं यासाठी. हा शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद आख.

पहिल्या वर्षी मी काय करायचे, ते तुला सांगते. आकडा वाढलेला दिसला की लिहायचेच नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी आठ दिवस जेवण सांभाळायचं आणि १२०, १२५ असे छान आकडे वहीत मांडायचे. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी झाली, एचबीए१सी, आणि ती निघाली ९.२. म्हणजे रोजची सरासरी दोनशेच्या वर. डॉक्टर रागावले नाहीत. वही बाजूला ठेवून म्हणाले, आजी, आता यावरून मी औषध कसं ठरवू? मला फार लाज वाटली. तेव्हापासून २६० आला तरी २६० च लिहिते. वाढलेला आकडा म्हणजे तुझा गुन्हा नव्हे, बाळा. तो लपवलास तर औषध चुकेल.

रोज सकाळी उपाशीपोटीच तपासत बसू नकोस. जोडीनं तपास. जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. एक दिवस पोह्यांचं बघ, एक दिवस भाकरी-पिठल्याचं, एक दिवस भाताचं. माझं एकादशीचं पान बघशील तर साबुदाण्याच्या खिचडीआधी १३८ आणि नंतर २५१ लिहिलंय. इतकी वर्षं मी तिला उपवासाचं हलकं खाणं समजत होते! बहुतेकांना उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं सांगतात, पण तुझी मर्यादा डॉक्टरांकडून पहिल्या पानावर लिहून घे. माझ्या वयाला त्यांनी जरा सैल ठेवली आहे.

हात साबणानं धू आणि कोरडे कर. एकदा मी हापूस चिरला, हात नुसते पुसले आणि बोट टोचलं. ३१२! जीव घाबरला. हात धुऊन पुन्हा पाहिलं तर १४६. रस बोटाला होता, रक्तात नव्हता. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध दुखतं. रोज बोट बदल, आणि थेंबासाठी जोरानं पिळू नकोस.

पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लाव. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पट्ट्या सर्दावतात आणि मग काहीही दाखवतात. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिही. यंत्राची बॅटरी बदललीस की घड्याळही बघून घे.

माझ्या सासऱ्यांना हे सुख नव्हतं. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि साखर फार असेल तर विटकरी. ते रोज रंग लिहून ठेवत. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, त्यामुळे साखर कमी झाली तर त्यांना काहीच दिसायचं नाही. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला की सासूबाई गुळाचा खडा तोंडात घालत, एवढंच.

तुला मात्र दिसेल. ७० च्या खाली गेलं तर वही राहू दे. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पी, पंधरा मिनिटांनी परत तपास, अजून खालीच असेल तर पुन्हा पी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचं नाही, सरळ दवाखाना, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. जरा सावरलास आणि पुढच्या जेवणाला अजून वेळ असला, तर पोळीभाजी खा. मग लिही: किती वाजले होते, कुठलं खाणं चुकलं होतं, गोळी कधी घेतली होती. डॉक्टर वहीत आधी हेच शोधतात.